सलंगावरची तट्टी

"पाहा, जवाईबापू. माती दिसते का कोठी?"

सासऱ्यांनी काचेचा गिलास माझ्या डोळ्यांसमोर धरला होता. सकाळचं ऊन त्यातून आरपार येत होतं. आम्ही दोघं त्यांच्या बोडीच्या पाळीखाली चिखलात उभे होतो. पाळीच्या पायथ्याशी बोटभर धार झिरपत होती, तिच्यातूनच त्यांनी तो गिलास भरून घेतला होता.

"नाही दिसत," मी म्हणालो.

"मंग पार जित्ती आहे," ते म्हणाले आणि ते पाणी गटागटा पिऊन मोकळे झाले.

हे पोळ्याच्या आदल्या दिवशीचं. लग्नानंतरचा माझा पहिला पोळा, म्हणून मी नागपूरहून जांभूळटोल्याला सासुरवाडीला आलो होतो. भंडाऱ्याकडच्या त्या मुलखात पाळीला पार म्हणतात. धानाच्या शेतांना पाणी द्यायला कुणी स्वतःच्या जमिनीत छोटा मातीचा तलाव बांधला की ती झाली बोडी. माझे सासरे आडकूजी पुस्तोडे यांची बोडी त्यांच्या पणज्यानं बांधलेली. पाळ दोनशे दहा पावलं लांब, मधोमध दीड पुरुष उंच. खाली चाळीस एकर धान, त्यातलं निम्मं भाऊबंदांचं, आणि धानाच्या कडेला लहानू वलथरेचं घर. लहानू जातीनं धिवर, मासे धरण्यात हात धरणारा कुणी नाही असा. बोडीवर सासऱ्यांच्या खालोखाल त्याचाच हक्क.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, रोज सकाळी तोंड धुण्याआधी पाळीखाली जायचे, झिरपणाऱ्या पाण्याचा गिलास उजेडाकडे धरायचे आणि पिऊन टाकायचे. पाणी झिरपलं तरी त्यांना त्याची फिकीर नव्हती. मातीची पाळ आहे, घाम येणारच. पण त्या पाण्यासोबत माती यायला लागली, की पाळ आतून पोखरली जायला लागली असं समजायचं.

हे सगळं मला पुस्तकातून ठाऊक होतं. मी पाटबंधाऱ्यात नुकताच कनिष्ठ अभियंता म्हणून चिकटलो होतो आणि नव्या नोकरीवाल्याला जेवढी अक्कल पाजळायची हौस असते, तेवढी मलाही होती.

"मामाजी, पाळीवर झाड असू नये. मुळं कुजली की आत पोकळी होते."

"कोठी आहे झाड? सिंदीचं खुंट होतं एक. माझ्या बापानं ते उपटून माती कुटली तिथं."

"खेकड्यांची बिळं?"

"दर पंधरवड्याले लहानू खेकडे धरते अन् खाते. बीळ बुजवून वरून कुटते. त्याच्या बायकोले विचारा, खेकडे खाऊन खाऊन कटारली बिचारी."

नाकानं कांदे सोलायला गेलं की डोळ्यांत पाणी आपल्याच येतं.

बोलत बोलत आम्ही पाळीच्या उत्तर टोकाला आलो. तिथं सलंग होता. बोडी भरली की जादा पाणी निघून जायची ही वाट. पणजोबा हुशार, त्यांनी ती बरोबर खडकावरून काढली होती. आठ हात रुंद, पाळीच्या माथ्यापासून दोन हात खाली. हा सलंग आहे तोवर पाणी पाळीवरून जात नाही. आणि मातीच्या पाळीवरून पाणी गेलं, की तासाभरात पाळ नाही आणि बोडीही नाही.

त्या सलंगाच्या तोंडावर या काठापासून त्या काठापर्यंत बांबूच्या कामट्यांची घट्ट विणलेली तट्टी उभी होती.

मी तोंड उघडलं. जादा पाण्याच्या वाटेत काडीसुद्धा ठेवू नये, हा आमचा पहिला धडा.

"लहानूनं इनली," मामाजी मायेनं म्हणाले. "तुमची सोयरीक झाली ना, त्याच पावसाळ्यात रोहू-कतल्याचं बीज सोडलं होतं. आता दीड-दीड किलोचा एकेक झाला असन. कराच्या दिवशी जाळं टाकाचं. त्याच्या आंधी सलंग चालला तं मासा पान्यासंगं निंगून जाईन. म्हनून तुमच्यासाठी तट्टी लावली."

मी उघडलेलं तोंड मिटलं.

"छान आहे," म्हणालो.

आता खरी गोष्ट सांगतो. मी मासे खात नाही. सात वर्षांचा असताना घशात काटा अडकला होता आणि आजीनं कोरड्या भाताचे नऊ गोळे गिळायला लावले होते. काटा गेला, पण तेव्हापासून माशाचा वास आला तरी पोटात ढवळतं.

पण कुंदाला पाहायला गेलो, तेव्हा मामाजींनी मला एकच प्रश्न विचारला होता. नोकरी नाही, पगार नाही, शेती नाही. "मासे चालते ना?" माझ्याआधी एक मास्तर येऊन गेला होता. तो "नाही" म्हणाला आणि पोहे खाऊन तसाच परत गेला, हे मला मध्यस्थानं वाटेतच सांगितलं होतं. त्याच वेळी कुंदा पोह्यांचं ताट घेऊन बाहेर आली. मी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणालो, "चालतात? मासे म्हणजे माझा जीव की प्राण."

लग्नाच्या चौथ्या दिवशी कुंदाला खरं कळलं. ती पोट धरधरून हसली.

"बाबांना सांगून टाका," ती म्हणाली.

"सांगतो ना. सवडीनं."

ती सवड काही आली नाही. सासुरवाडीला गेलो की कधी सोमवार निघायचा, कधी गुरुवार. मग श्रावण आला आणि महिनाभर घोर मिटला. पण श्रावण पोळ्याला संपतो, आणि पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे कर. त्या दिवशी त्या मुलखात सामिष जेवण नाही असं घर सापडायचं नाही. माझे उपासतापास सगळे संपले होते.

पोळ्याच्या दिवशी दुपारी बैल सजून तोरणाखाली उभे राहिले आणि पाऊस सुरू झाला. साधा पाऊस नव्हे, झड. बैलांच्या शिंगांचा रंग ओघळून त्यांच्या डोळ्यांत गेला. लोक घराघरात पळाले. मामाजींनी जाऊन बोडीचं तुडूम, म्हणजे शेतात पाणी सोडायचं भोक, पूर्ण उघडून ठेवलं. मला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. एवढ्या पावसात कोण जाळं टाकणार? मी मनातल्या मनात म्हटलं, देवा, असाच उद्यापर्यंत पड. आ बैल मुझे मार म्हणतात ते याला, आणि तेही ऐन पोळ्याच्या दिवशी.

देवानं माझं ऐकलं. पाऊस सकाळपर्यंत पडत राहिला.

फटफटल्यावर मामाजींनी मला हाक मारली. अंगावर घोंगडी, हातात गिलास. या वेळी त्यांनी काही विचारलं नाही. नुसता गिलास पुढं केला. पाण्याला चहाचा रंग आला होता आणि तळाशी बोटभर गाळ बसला होता. ते पाणी न पिता त्यांनी अंगणात ओतून दिलं.

आम्ही धावत पाळीवर गेलो. पाणी माथ्याच्या चार बोटं खाली होतं. बैलगाडीच्या ये-जा करण्यानं जिथं पाळ जरा दबली होती, तिथं तर दोनच बोटं. आणि सलंग? सलंगावरून एरवी आठ हात रुंद पाणी धो धो जायला हवं होतं, तिथं कुठं कुठं चार-दोन चिरकांड्या उडत होत्या. कमळाची पानं, शेवाळ, गवत, सगळं वाहत येऊन तट्टीला थापलं गेलं होतं. लिंपलेली भिंतच जणू. लहानू कमरभर पाण्यात उभा राहून दोन्ही हातांनी पाला ओढत होता.

"एक ओढला का दोन येतेत जी," तो म्हणाला.

"तट्टी काढा," मी म्हणालो.

"तट्टी नाई काढाची," मामाजी म्हणाले. "पाला काढू. मीबी उतरतो."

ते उतरले, मीही उतरलो. अर्धा तास आम्ही तिघं पाला ओढत होतो. काठावर ढीग झाला, पण पाणी काही उतरेना. मी काठावर एक काडी रोवली होती. ती बुडाली.

"मामाजी, पाणी चढतंय. खाली गढूळ झिरपतंय. आता पाल्याचं काम राहिलं नाही."

"अजून दीड बोट आहे."

"दीड बोट म्हणजे काय! पाणी वरून गेलं तर संपलं. लहानूचं घर पाळीखाली आहे."

"माह्या घरचे मी पहाटेच गावात धाडले जी," लहानू म्हणाला. "पन माहा बी जीव धानात आहे."

मामाजींचा चेहरा ताणला गेला होता. बोडीवर त्यांचा जीव होता, हे मला दिसत होतं. तट्टीला धरलेला हात मात्र सुटत नव्हता.

"जवाईबापू, तुमाले नाई समजत. पयल्या पोळ्याचा जवाई. वर्षापासून गावाले सांगून ठेवलं, का जवायाले आपल्या बोडीचा मासा घालीन. आता तट्टी सोडली का एक मासा राहत नाई. लोक काय म्हनतीन? अन् तुमी काय म्हनान, का मासे जीव का प्रान म्हनून सांगतलं होतं, अन् सासऱ्यानं वांग्यावर भागवलं?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की पाणी अडवून धरलं होतं ते माझ्या जिभेनं. पाल्यानं नव्हे आणि बांबूनंही नव्हे. पणज्यानं बांधलेली पाळ, चाळीस एकर धान, लहानूचं घर, सगळं माझ्या एका थापेला टेकून उभं होतं.

"मामाजी," मी म्हणालो, "मी मासे खात नाही."

"कर आहे ना आज. श्रावण सरला."

"कधीच खात नाही. मला वाससुद्धा सहन होत नाही. पाहायला आलो तेव्हा मी खोटं बोललो."

लहानूनं पाला ओढायचा थांबवला आणि तो आभाळाकडे पाहू लागला.

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. पावसाचं पाणी त्यांच्या भुवयांवरून गळत होतं.

"काऊन बोललेत खोटं?"

"तुम्ही कुंदा दिली नसती."

त्यांनी तट्टीवरचा हात काढला.

"नसती देल्ली," ते म्हणाले. मग लहानूकडे हात केला. "कुऱ्हाड दे."

तट्टी त्यांनी स्वतः तोडली. मधला खुंट तुटला तसा सगळा पाला, कामट्या आणि वर्षभर सांभाळलेले मासे एकाच लोंढ्यात खडकावरून खाली गेले. लहानूनं मला दंडाला धरून काठावर ओढलं नसतं तर मीही त्यांच्यासोबत धानात पोचलो असतो.

सलंग मोकळा झाला, पण खाली पाळीचा पायथा अजून गढूळ पाणी ओकत होता. लोंढ्याचा आवाज ऐकून गावातून आलेली माणसं चिखलाचे गोळे घेऊन ते भोक बुजवायला धावली. तेवढ्यापुरती माझी विद्या कामी आली. मी ओरडून त्यांना थांबवलं. पाणी कोंडलं तर ते दुसरीकडून फुटून निघेल. पाण्याला जाऊ द्यायचं, मातीला थांबवायचं. मामाजींच्या अंगणात नव्या खोलीसाठी वाळू आणि गिट्टी पडली होती. झिरपणाऱ्या जागेवर आधी वाळू टाकली, वर बारीक गिट्टी आणि त्यावर दगड. तिकडे बोडी उतरत होती. दहा वाजेपर्यंत पाणी माथ्याच्या हातभर खाली गेलं. दगडांखालून येणारी धार हळूहळू फिकट होत गेली.

आणि गाव कुठं होतं? गाव धानात. गुडघाभर पाण्यात रोहू उड्या मारत होते आणि बायका लुगड्यांच्या ओच्यात मासे धरत होत्या. म्हाताऱ्या माणसांनी टोपल्या पालथ्या घातल्या. जांभूळटोल्याचा असा कर त्याआधी झाला नव्हता आणि त्यानंतरही नाही.

मामाजी दिवसभर माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मी कुंदाला सगळं सांगितलं. ती या वेळी हसली नाही.

"मी सांगू का त्यांना काही?" ती म्हणाली.

"काय सांगणार? बोलायचं ते मी बोलून बसलो."

संध्याकाळी जेवायला बसलो. ताटात वडे, खीर आणि वांग्याची भाजी. मामाजींच्याही ताटात तेच. मी पहिला घास उचलतो तोच दारात शेजारीण उभी. हातात झाकलेली वाटी.

"तुमच्याच बोडीचा मासा आहे. म्हटलं, जवाईबापूनं खाल्ल्याबगर आपन कसं खावावं."

ती गेली आणि दुसरी आली. मग तिसरी. गावाला काय ठाऊक? गावाला एवढंच ठाऊक, की आडकूजीचा जावई मासेखाऊ आहे आणि बिचाऱ्याच्या तोंडचा घास वाहून गेला. माझ्यासमोर सहा वाट्या ओळीनं लागल्या. सातवी घेऊन लहानू स्वतः आला. सगळ्यांत मोठी वाटी, आणि तिच्यातून एक मुंडकं माझ्याकडे टक लावून पाहत होतं.

"मुंडकं खास तुमच्यासाठी राखलं जी," तो म्हणाला. चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही.

तो गेला. मी श्वास रोखून बसलो. मामाजी उठले, दार लोटून घेतलं आणि माझ्याशेजारी येऊन बसले. माझ्यासमोरची पहिली वाटी त्यांनी आपल्याकडे ओढली आणि खायला सुरुवात केली. मग दुसरी. मग तिसरी.

चौथ्या वाटीला सासूबाईंना राहवेना. "पोट आहे का बोडी? सलंग तरी आहे का त्याले?"

"गावानं जवायासाठी धाडलं," मामाजी काटा काढत म्हणाले. "परत कसं कराचं?"

सातवी वाटी त्यांनी मुंडक्यासकट संपवली. घाम पुसला. मग कुंदाला म्हणाले, "वाट्या धुऊन ज्याच्या त्याले देऊन ये. अन् सांगजो, जवाईबापूनं काटाही ठेवला नाई."

मला रडू आलं. खोटं सांगतो असं वाटेल, पण आलं. वाटलं, या माणसानं आज मुलगी पुन्हा एकदा दिली, आणि या खेपेला मला पुरतं पारखून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला पाळीखाली नेलं आणि गिलास माझ्या हातात दिला. मी धारेखाली धरला, उजेडाकडे नेला. माती नव्हती.

"मंग प्या," ते म्हणाले.

पाण्याला वाळूचा आणि शेवाळाचा वास होता. मी प्यालो.

"खोटं बोलावं मानसानं," ते घरी परतताना म्हणाले, "पन पार फुटाच्या आंधी खरं सांगता आलं पायजे." त्या विषयावरचं त्यांचं ते पहिलं आणि शेवटचं बोलणं.

त्यानंतर सलंगावर तट्टी कधी लागली नाही. खुंटांची भोकंसुद्धा त्यांनी दगडांनी भरून टाकली. लहानूनं ऐकलं ते पोटात ठेवलं, अळीमिळी गुपचिळी. मात्र दरवर्षी कराला माझ्यासाठी मुंडकं राखायला तो विसरला नाही. जांभूळटोल्यात माझी कीर्ती मासेखाऊ जावई अशीच राहिली. बावीस वर्षं दर कराला वाट्या येत राहिल्या, मामाजी दार लोटून माझ्याशेजारी बसत राहिले, आणि जवाईबापूनं काटा ठेवला नाही.

गेल्या कार्तिकात ते गेले. कुंदा एकुलती एक, त्यामुळे बोडी आमच्याकडे आली. या पोळ्याला पाळीखालचा गिलास मी पाहिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नऊ वाट्या आल्या. शेवटची घेऊन लहानू आला. आता तो वाकला आहे, काठी टेकत आला. त्यानं वाटी ठेवली, मामाजींच्या रिकाम्या पाटाकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "आता कसं कराचं जी?"

"बस," मी म्हणालो.

कुंदानं दार लोटून घेतलं. मी लहानूची वाटी पुढं ओढली. वास आला. एक तुकडा उचलला, बोटांनी चाचपून काटे काढले, मामाजी काढायचे तसे, आणि तोंडात घातला. मला त्यांची फार आठवण आली. घास घशात अडकला, खाली जाईना की वर येईना.

कुंदानं घाईघाईनं कोरड्या भाताचा गोळा केला आणि माझ्यापुढं धरला.

"काटा नाही," मी म्हणालो, आणि पुढचा तुकडा उचलला.